देव्हाऱ्यावर पडदा टाकलाय, आठ महिने झाले

हळदीचा दिवाणजी, सांगली
गुरुवार, रात्री ११.४२

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं इथं नुसता वाचक आहे, पहिल्यांदाच लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. वय ५४. आमची ही गेल्या मार्गशीर्षात गेली, दत्तजयंतीला चार दिवस बाकी असताना. २०१८ च्या दसऱ्यापासून डायलिसिसवर होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर खेपेला चार तास. गुरुवार हा दत्ताचाही वार. आधी दर गुरुवारी औदुंबरला जायचो, ते बंद झालं. मग युनिटच्या बाहेर बाकड्यावर बसून गुरुचरित्राची पोथी वाचायला लागलो. सहा वर्षांत किती पारायणं झाली ते वहीत लिहिलंय, इथं आकडा सांगत नाही, उगाच मिरवल्यासारखं होतं.

ज्यांच्या घरात हे दुखणं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातात एक शीर आणि एक धमनी जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की आत थरथर लागते. सिस्टर त्याला थ्रिल म्हणायच्या. ती थरथर आहे म्हणजे रस्ता चालू आहे. मी रोज रात्री झोपण्याआधी तिच्या हातावर बोटं ठेवून बघायचो. सहा वर्षं. ती म्हणायची, माझा हात हातात घ्यायला तुम्हाला किडनी जायची वाट बघावी लागली.

दिवसभराचं पाणी मोजून. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळायची. केळं नाही, शहाळं नाही. म्हणजे प्रसादातलं निम्मं बंद. तीर्थसुद्धा हिशेबात धरायची.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. आमचं घर गावभागात. पाणी चढायच्या आत तिला मिरजेला मेहुण्याकडे हलवलं. एका हातात तिची फाईल, दुसऱ्या हातात देवांची पिशवी. घर बुडालं, पण डायलिसिसचा एक वार चुकला नाही. तेव्हा वाटलं होतं, महाराज बघतायत.

आमच्या पोथीत मेलेला नवरा उठून बसतो. तो अध्याय मी किती वेळा वाचला असेन.

ती गेली त्या पहाटे मी सवयीनं हातावर बोटं ठेवली. बस.

सुतकात देव्हाऱ्यावर तिच्या जुन्या साडीचा पडदा टाकला होता. सुतक फिटलं, पडदा तसाच आहे. आई ७८ वर्षांची. श्रावण लागल्यापासून रोज म्हणते, अरे दिवा तरी लाव. रागावत नाही, नुसतं म्हणते. आणि येणारे-जाणारे सांगतात, सुटली बिचारी. चांगल्या माणसांची देवालाही गरज असते. एकानं तर गेल्या जन्मीचं देणं होतं, फिटलं, असंही सांगितलं.

मला उपदेश नकोय. तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा.

---

कोयनाकाठ, कराड
शुक्रवार, सकाळी ६.१५

दिवाणजी, वाचून सुन्न झालो. वहिनींना श्रद्धांजली.

मला एवढंच सुचतं की तुकोबांकडे बघा. दुष्काळात पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, सावकारी बुडाली. तरी देवाला म्हणाले की दिवाळं निघालं तेच बरं झालं. दुःखातूनच माणूस पुढे जातो. वेळ द्या, यामागचा अर्थ तुम्हालाही कळेल.

---

सातारी तर्कट
शुक्रवार, सकाळी ९.०३

दिवाणजी, दुःखात सहभागी आहे. पण वर 'अर्थ कळेल' असं लिहिलंय ते मला पटत नाही. किडनी निकामी होण्याला अर्थ नसतो, कारण असतं. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब ही दोन मोठी कारणं. ती वेळेत तपासली जात नाहीत. अर्थ शोधण्यात जी शक्ती जाते ती तपासणीत घातली तर चार घरं वाचतील.

देव्हाऱ्याचं म्हणाल तर उघडू नका. मन नसताना दिवा लावणं हा तुमच्यावरच अन्याय.

---

उपायसिद्धी
शुक्रवार, सकाळी ९.४०

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या तोंडावर मृत्यू म्हणजे घरात दोष असण्याची शक्यता. विधी करून घ्या. संपर्क: (क्रमांक काढला आहे. धाग्यावर जाहिरात नको, पुन्हा केलीत तर खातं बंद होईल. – चालक)

---

मिरजेची सिस्टर
शुक्रवार, दुपारी ३.२०

ड्युटी संपवून लिहितेय.

तर्कट साहेब, तुमचं वैद्यकीय म्हणणं बरोबर आहे. पण ते या माणसाला आज ऐकवायची काय गरज होती? तपासणी करायची वेळ निघून गेलेल्या घरात तुम्ही तपासणीचं महत्त्व सांगताय.

आमचं मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ ला डॉ. वॉन्लेस यांनी मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून इथं पार कर्नाटकातूनही माणसं येतात. मी डायलिसिसला अकरा वर्षं आहे. माझ्या खुर्च्यांवर अंगारा लावलेले, ताईत बांधलेले, क्रूस घातलेले, काहीच न मानणारे, सगळे शेजारी-शेजारी बसतात. जास्त श्रद्धा असलेल्यांचं रक्तातलं पोटॅशियम, जे वाढलं की धोका, ते कमी येतं असं मला तरी दिसलेलं नाही. पण हेही बघितलंय की पहाटे पाचच्या पाळीला येणाऱ्याला गाडीवर बसवून आणणारं कुणी असलं की तो पाणी बरोबर मोजतो. ज्याला कुणी नाही तो एक दिवस म्हणतो, जाऊ दे, आणि तांब्याभर पितो.

दिवाणजी, घर बुडालं तरी एक वार चुकला नाही असं तुम्ही सहज लिहून गेलात. आम्हाला विचारा त्याची किंमत.

---

हळदीचा दिवाणजी
शुक्रवार, रात्री १०.१०

सर्वांचे आभार.

तर्कट साहेब, राग नाही आला. मधुमेह नव्हता, रक्तदाब होता. डोकं दुखतं म्हणायची, मी मेडिकलमधून गोळी आणून द्यायचो. दोन वर्षं. तुम्ही म्हणता ते 'कारण' मला तोंडपाठ आहे. रात्री तेच आठवतं.

कोयनाकाठ, तुमचाही राग नाही. पण खरं सांगू? ती जाऊन मी सुधारणार असेन, तर असली सुधारणा मला नको आहे.

---

माणदेशी
शनिवार, पहाटे ४.५०

दादा, मी म्हसवडकडचा. ल्हिताना चुका व्हतील.

माझं पोरगं एकोणीस वर्साचं, मोटारसायकलीवर गेलं. फुडल्या जेष्ठात माऊलीची पालखी लोणंदला आली आन मी चालाय लागलो. भक्ती-बिक्ती काय न्हाय. घरात त्येची चप्पल व्हती, बसवत नव्हतं. चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं, घोडा पळाला. समदी लोकं घोड्याच्या टापंखालची माती कपाळाला लावाय धावली. मी हुबा राह्यलो. मला कुणी इचारलं न्हाय का लावली न्हाईस. वारीत ते लय बरं. चा घेता का माऊली, पाय दुखत्यात का माऊली, एवढंच इचारत्यात.

दुसऱ्या वर्सी बी न्हाय लावली. तिसऱ्या वर्सी लावली. का लावली म्हाईत न्हाय. हात गेला.

अजून बी चप्पल हाय घरात.

---

तंबोरा, मिरज
शनिवार, सकाळी ११.३०

मी तंतुवाद्यं करणाऱ्या घरातला. दिवाणजी, तुमची ती थरथरीची गोष्ट वाचली आणि जरा वेळ कामाला हातच लागला नाही. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली, आम्ही दोऱ्याचा जीव बसवतो, त्या दोऱ्याच्या जागेवर सगळा झंकार असतो. केसाएवढा सरकला की तार वाजते पण बोलत नाही.

आमच्यात कुणी गेलं की म्हणतात, आपण अल्लाचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार. अब्बा गेले तेव्हा सगळ्यांनी म्हटलं. अम्मीनं म्हटलं, पण कसं, तर हिशेबाच्या कागदावर अंगठा उठवल्यासारखं. पुढं वर्षभर नमाजाच्या वेळेला ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसायची. घासलेलीच भांडी. मौलवी साहेबांकडे कुणीतरी चुगली केली. ते घरी आले आणि म्हणाले, हजरत याकूब मुलासाठी रडून रडून डोळ्यांनी गेले होते. मुलं दटावायला लागली तर म्हणाले, माझं गाऱ्हाणं मी अल्लापुढे मांडतोय, तुमच्यापुढे नाही. एवढं सांगितलं, चहा प्यायले, गेले.

अम्मी रमजानात पुन्हा उभी राहिली. त्या रमजानात नाही, त्याच्या पुढच्या.

उरुसात दर्ग्यावर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या आठवणीत गाणं-बजावणं होतं. कधी यावंसं वाटलं तर या. देवासाठी नको, तंबोरा ऐकायला या. जवळ बसलात तर भोपळ्यावर बोटं ठेवू देईन.

---

शेतकरी_७४, मिरज तालुका
शनिवार, दुपारी १.०५

आम्ही जैन. आमच्यात देव काही देत नाही आणि नेतही नाही, ज्याचं त्याचं कर्म. त्यामुळे भांडायला समोर कुणी नसतं. लोकांना वाटतं हे सोपं असेल. भाऊ गेला तेव्हा कळलं, रागवायला तरी कुणी हवं होतं.

गेल्या जन्मीचं देणं फिटलं म्हणणाऱ्याबद्दल: कर्माचा सिद्धांत स्वतःच्या वागण्याला लावायचा असतो, दुसऱ्याच्या दुखण्याला नाही. आमच्या आजोबांचं वाक्य.

---

वाईची आज्जी
शनिवार, सायंकाळी ६.४५
(नातू टंकतोय, मी सांगतेय)

दिवाणजी, बाळा, मी ८१ वर्षांची, शाळामास्तरीण होते.

पहिलं कराडच्या मुलासाठी. तुकोबांनी जे म्हटलं ते तुकोबांनी म्हटलं. देहूच्या शेजाऱ्यांनी येऊन त्यांना सांगितलं नव्हतं की बरं झालं हो तुमचं दिवाळं निघालं. यात फार फरक आहे रे. आणि ते म्हणायच्या आधी त्या माणसानं किती रात्री काढल्या असतील.

आता तुझ्या पोथीबद्दल. मीही आयुष्यभर तीच वाचली. तू मेलेला नवरा उठतो तो अध्याय धरून बसलास, साहजिक आहे. पण त्याच्या आधीची शिरोळची बाई विसरलास. तिचं पोर जातं. ती प्रेत सोडायला तयार होत नाही. मग एक ब्रह्मचारी येतो आणि तिला ज्ञान सांगायला लागतो. देह नाशवंत, कोण कुणाचा मुलगा, सगळं तेच. आणि ती बाई काय करते? तिला ते पटत नाही. ती म्हणते, मला वर दिला होता, त्याचं काय? मग तो ब्रह्मचारीच सांगतो, जिथं वर मिळाला तिथंच जाऊन विचार. ती जाते आणि पादुकांवर डोकं आपटून घेते. पोथीनं तिला कुठंही नास्तिक म्हटलेलं नाही. तिचं पोर उठलं, आपलं उठत नाही, तो भाग वेगळा. तो मलाही कधी गिळता आला नाही. पण ज्ञान परत करायची आणि जाऊन जाब विचारायची परवानगी तुझ्या पोथीतच लिहिलेली आहे, एवढं लक्षात ठेव.

माझी मुलगी १९७१ ला गेली. सहा वर्षांची होती. घटसर्प. पुढं चार वर्षं मी ढोल्या गणपतीसमोरून जाताना मान वळवून जायचे. घाटावर जायचा दुसरा रस्ता होता, लांबचा नव्हता, तरी मी तिथूनच जायचे आणि मान वळवायचे. ह्यांनी एकदा विचारलं, एवढा राग आहे तर त्या रस्त्यानं जातेस कशाला? मला उत्तर देता येईना. तो तिथं बसलाय हे धरूनच मी मान वळवत होते ना?

पडदा राहू दे हवा तेवढा. आईला दिवा लावायचा असेल तर तिला लावू दे, तुझा पडदा आणि तिचा दिवा एकाच घरात राहू शकतात. आमच्याकडे सासूबाई पूजा करायच्या आणि मी मागल्या दारी बसायचे.

(नातू: आज्जी आता झोपली. मला ही मुलगी, म्हणजे माझी आत्या, होती हे आजच कळलं.)

---

कोयनाकाठ, कराड
शनिवार, रात्री ९.२०

आज्जी, बोलणं लागलं आणि पटलंही. दिवाणजी, माझा प्रतिसाद घाईचा होता. अजून घरातलं कुणी गेलेलं नाही माझ्या, खरं कारण तेच.

---

सातारी तर्कट
रविवार, दुपारी १२.१५

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला जुना माणूस. डॉ. दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. १९८९ ला समिती सुरू झाली, त्यानंतर थोड्याच वर्षांत मी पत्रकं वाटायला लागलो. देवाला विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या लुबाडणुकीला आहे, हे डॉक्टर आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचे. वर त्या विधीवाल्याचा नंबर चालकांनी उडवला, मला बरं वाटलं. पण मी तरी काय केलं? त्यानं दोष घरात शोधला, मी उशिरा केलेल्या तपासणीत शोधला. दिवाणजींच्या अंगावर ओझं दोघांनीही टाकलं. सिस्टर, तुमचं बरोबर आहे.

आता एक गोष्ट, जी मी बायकोलाही सांगितलेली नाही. मुलगी नऊ वर्षांची असताना तिला पुण्यात ठेवलं होतं. मी एक दिवसाआड साताऱ्याहून स्वारगेटची गाडी धरायचो. खंबाटकीचा बोगदा आला की श्वास धरायचा. बाहेर पडेपर्यंत धरला तर पोरगी वाचेल, असं मीच मला सांगायचो. मी! शाळाशाळांत जाऊन चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारा. एकदा पुढे ट्रक अडकला, गाडी आत रेंगाळली, श्वास सुटला. स्वारगेटपर्यंत मी रडत होतो, शेजारचे गृहस्थ विचारत होते, गाडी लागते का?

मुलगी वाचली. औषधांनी वाचली. श्वास सुटला त्या दिवशी तिचा ताप उतरला होता, म्हणजे प्रयोग म्हणूनही माझा बोगदा फसला. पण तुमची पारायणं आणि माझा बोगदा यांत मला आता फार अंतर दिसत नाही. काहीच हातात नसताना दोघांनीही हाताला काहीतरी धरलं होतं.

अर्थबिर्थ मी अजूनही मानत नाही.

---

मिरजेची सिस्टर
रविवार, दुपारी २.००

साहेब, त्या बोगद्यात श्वास धरणारे तुम्ही एकटे नाही. आमच्या युनिटच्या बाहेर फरशीच्या रेघांवर पाय न ठेवता चालणारे एक निवृत्त न्यायाधीश होते.

---

हळदीचा दिवाणजी
शुक्रवार, सकाळी ७.३०

आठवडाभर लिहिलं नाही, माफ करा. सगळं दोन-दोनदा वाचलं. आईलाही वाचून दाखवलं. माणदेशीचं ऐकून तिनं डोळ्याला पदर लावला, आणि आज्जींचं ऐकून म्हणाली, बाई खमकी आहे.

काल गुरुवारी औदुंबरला गेलो. कृष्णा फुगलेली, गढूळ. पोथी नेली नव्हती. पादुकांसमोर बसलो आणि आज्जी, तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. मनात नाही, तोंडानं. शेजारी एक बाई होत्या, त्या जरा सरकून बसल्या. काय विचारलं ते इथं लिहीत नाही. उत्तर आलं नाही. तासभर बसलो. निघताना पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं, मी ओंजळ पुढं केली आणि म्हटलं, अजून द्या. त्यांनी बघितलं माझ्याकडे. अजून एक पळी दिली. भिलवडीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना लक्षात आलं की आपल्याला भूक लागलीय. वडापाव खाल्ला.

पडदा अजून आहे. आईनं काल त्याच्या बाहेर, फळीच्या कडेला निरांजन ठेवलं होतं. मी काढलं नाही.

---

नवीन सदस्य, तासगाव
शुक्रवार, रात्री ८.५५

नमस्कार. धागा वाचून खातं काढलं. माझ्या वडिलांचं डायलिसिस पुढच्या आठवड्यात सुरू होतंय, हाताचं ऑपरेशन महिन्यापूर्वी झालं. ते माळकरी आहेत. पाणी मोजायचं म्हटल्यावर पहिला प्रश्न त्यांनी तीर्थाचाच विचारला, डॉक्टर हसले. दिवाणजी, विषय वेगळा आहे, पण तुम्हाला विचारू का, सुरुवातीला काय सांभाळायचं?

---

हळदीचा दिवाणजी
शुक्रवार, रात्री ९.१०

विचारा, कधीही विचारा.

त्या हाताला रक्तदाबाचं यंत्र लावू देऊ नका, सुई नको, सलाईन नको. कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी तुम्ही बोला, वडील संकोचतील. त्या हातावर डोकं ठेवून झोपू देऊ नका, घट्ट बाही नको, घड्याळ नको, पिशवी नको. रोज सकाळ-संध्याकाळ बोटं ठेवून बघा, मांजर घुरघुरल्यासारखं लागलं पाहिजे. लागलं नाही तर सकाळची वाट बघू नका, तशीच गाडी काढा. वजनाचा काटा चांगला घ्या आणि वही घाला. दिवसाचं पाणी डॉक्टर सांगतील तेवढं एका बाटलीत सकाळीच भरून ठेवा, चहा आणि आमटीसुद्धा त्यातूनच वजा करा. मिठाचं खाणं कमी केलं की तहान कमी लागते, लोणचं-पापड हळूहळू तोडा, एकदम नको. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, हॉस्पिटलच्या योजनेच्या टेबलावर रेशनकार्ड घेऊन आधीच जाऊन या.

तीर्थ घेऊ द्या. आमच्या पूजेतली पळी औषधाच्या टोपणात ओतून बघितली होती, पाच मिली भरते. तुमची पळी मोठी असेल, एकदा मोजा.